मुरमाचे रस्ते पक्के करताना : सातारा व सांगली येथील नगररस्त्यांचा प्रश्न

नगराची हद्द एका अधिसूचनेने वाढते. तिच्यामागून येणारे पाणी, गटारे आणि रस्ते मात्र वर्षानुवर्षे येत राहतात. सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका ९ फेब्रुवारी १९९८ रोजी अस्तित्वात आली. सुमारे ११८ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून थोडी अधिक वस्ती होती. साताऱ्याची वस्ती त्याच जनगणनेत सुमारे १ लाख २० हजार होती. सप्टेंबर २०२० मध्ये सातारा नगरपरिषदेची हद्द वाढविण्यात येऊन शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द आणि खेड, कोडोली यांसारख्या गावांचे काही भाग नगरात आले. या दोन्ही नगरांच्या जुन्या पेठांतील रस्ते पूर्वीच डांबरी झालेले आहेत. प्रश्न उरतो तो कडेच्या वसाहतींमधील मुरमाच्या आणि मातीच्या रस्त्यांचा. उन्हाळ्यात धुरळा आणि पावसाळ्यात चिखल, हे तेथील रहिवाशांचे वार्षिक पंचांग होय.

रस्ता पक्का करावा, ही मागणी रास्त आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि कोणता रस्ता, केव्हा, कशाने आणि कोणत्या क्रमाने पक्का करावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. घाईने अंथरलेले डांबर दुसऱ्या पावसाळ्यात उखडते व तोच खर्च पुन्हा करावा लागतो. दरम्यान शेजारची गल्ली चिखलातच राहते. म्हणून या निर्णयामागील तांत्रिक आणि व्यावहारिक बाजू नागरिकांनी समजावून घेणे इष्ट आहे.

रस्ता कोणाचा?

पहिली अडचण अभियांत्रिकीची नसून मालकीची असते. सांगली-मिरज परिसरात गुंठेवारी हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक आहे. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, अर्थात १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून ते अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना विकले गेले आणि त्यांवर घरे उभी राहिली. विकणाऱ्याने मध्ये चिंचोळी वाट सोडली. कोठे बैलगाडीपुरती, कोठे त्याहूनही कमी. रेखांकनास मंजुरी नसल्यामुळे ही वाट सातबाराच्या उताऱ्यावर पुष्कळदा मूळ शेतकऱ्याच्याच नावावर राहिली. ज्या जागेचा ताबाच नगरपालिकेकडे नाही, तेथे सार्वजनिक निधी खर्च करता येईना. कर भरणाऱ्या रहिवाशाला मात्र हा युक्तिवाद पटणे कठीण होते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

ही कोंडी फोडण्यासाठी २००१ साली महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम करण्यात आला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारी बांधकामांना प्रशमन शुल्क आणि विकास आकार घेऊन नियमित करण्याची तरतूद त्यात होती. २०२१ मधील सुधारणेने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. या मार्गाने जमा होणारी रक्कम त्याच वसाहतींमधील रस्ते, गटारे, पाणी यांसारख्या सोयींसाठी वापरावी, हा त्यामागील हेतू आहे. म्हणजेच ज्या गल्लीतील रहिवाशांनी नियमितीकरणाचे अर्ज केले, त्या गल्लीच्या रस्त्याचा मार्ग पुष्कळसा मोकळा होतो. मंजूर रेखांकनातील खाजगी रस्त्यांची गोष्ट निराळी. ते सपाट करणे, त्यांचा निचरा साधणे यासाठी लगतच्या मालकांना नोटीस देण्याचे व पुढे तो रस्ता सार्वजनिक घोषित करण्याचे अधिकार महानगरपालिकेस कायद्याने आहेत. रस्त्याची मोजणी करून रुंदीच्या खुणा रोवणे हे काम खडीच्या पहिल्या ट्रकपूर्वी व्हावयास हवे. एकदा रस्ता झाल्यावर कुंपण मागे घ्यावयास कोणी राजी होत नाही.

मुरमाचा रस्ता टाकाऊ नव्हे

मुरूम म्हणजे काळ्या पाषाणाचा कुजून झालेला भुगा. त्यात खड्यांबरोबर थोडी चिकट मातीही असते. पाणी शिंपडून व रोलर फिरवून तो दाबला की खडे एकमेकांत अडकतात आणि माती त्यांना धरून ठेवते. चांगल्या मुरमाचा, नीट दाबलेला रस्ता कमी रहदारीस पुरा पडतो. सातारा परिसरात डोंगरउतारावर बहुधा थोड्या खोलीवरच मुरूम लागतो. सांगलीस तो बाहेरून आणावा लागतो. भारतीय रस्ते परिषदेने २००८ मध्ये अशा रस्त्यांची रचना व निगा यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, यावरूनच हा रस्ता म्हणजे केवळ तात्पुरती सोय नव्हे, हे ध्यानात येते.

त्याचे खरे मर्म त्याच्या आकारात आहे. मध्यभागी उंच आणि दोन्ही कडांना उतरता, असा त्याचा पाठीसारखा बाक असावा लागतो. मुरमाच्या रस्त्यास हा उतार साधारणतः शंभरास चार असतो, म्हणजे सहा मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा १२ सेंटिमीटर उंच हवा. डांबरी रस्त्यास शंभरास अडीच, म्हणजे साडेसात सेंटिमीटर पुरतात, कारण त्यावरून पाणी लवकर वाहून जाते. प्रत्यक्षात वसाहतींमधील मुरमाचे रस्ते पाठीऐवजी परातीसारखे झालेले आढळतात. दरवर्षी मे महिन्यात खड्ड्यांत मुरूम टाकला जातो, पण बाक पूर्ववत केला जात नाही. परातीत पाणी साचते, साचलेल्या पाण्यावरून चाके जातात आणि ऑगस्टपर्यंत मुरमाचा चिखल होतो. याला मुरमाचा दोष म्हणता येणार नाही.

तरीही या रस्त्यास मर्यादा आहेत. वारा, पाऊस आणि चाके यांमुळे मुरूम सतत झिजतो. सहा मीटर रुंद व शंभर मीटर लांब अशा एका गल्लीचे उदाहरण घ्या. वर्षाला अडीच सेंटिमीटर थर उडून जातो असे धरले, तर १५ घनमीटर मुरूम कमी होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. या हिशेबाने एका लहानशा गल्लीस दरसाल पाच ब्रासांहून अधिक मुरूम केवळ आहे ती स्थिती राखण्यासाठी लागेल. त्याची वाहतूक, पाणी आणि रोलर यांचा खर्च निराळा. मुरमाच्या खाणी दूर जात आहेत आणि उत्खननावरील निर्बंध वाढत आहेत, हे लक्षात घेता हा खर्च कमी होण्याचा संभव नाही. म्हणूनच जेथे रोजची वाहने काही शेकड्यांवर गेली, तेथे पक्का पृष्ठभाग दीर्घ काळात स्वस्त पडतो. जेथे दहा-पंधरा घरांचीच ये-जा आहे, तेथे उत्तम निगा राखलेला मुरूम किंवा खडीकरण काही वर्षे पुरेल.

उलट बाजूचाही अनुभव जगात आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत गेल्या काही दशकांत केलेले डांबरी ग्रामीण रस्ते दुरुस्तीचा खर्च झेपेना म्हणून पुन्हा खडीचे करण्यात आले. या अनुभवांचा तेथील एक अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडील दाट वस्तीच्या नगरांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे मैलोगणती रस्त्यावर चार शेतघरे असतात, येथे शंभर मीटरांत चाळीस कुटुंबे. परंतु रस्ता करण्याइतकीच तो राखण्याची तरतूद करावी लागते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

आधी पाणी, मग रस्ता

आधुनिक खडीकरणाचे जनक समजले जाणारे स्कॉटिश अभियंते जॉन मॅकअॅडम यांनी दोन शतकांपूर्वी एक साधा सिद्धांत मांडला होता : वाहनांचा भार अखेरीस मूळ जमीनच वाहते आणि ती कोरडी ठेवणे एवढेच वरच्या थराचे काम असते. सातारा आणि सांगली ही दोन नगरे या सिद्धांताची दोन टोके दाखवितात.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उतारावर वसलेले आहे. येथे पाणी साचत नाही, धावते. शाहूपुरीसारख्या चढउताराच्या भागांत एका जोरदार सरीने मुरूम खालच्या वळणावर जाऊन पडतो आणि वरच्या रस्त्यात घळी पडतात. कडेला बांधीव गटार नसेल तर डांबरी रस्त्याचीही कड प्रथम कुरतडली जाते, मग मधला भाग ढासळतो. म्हणून साताऱ्यात तीव्र चढावर काँक्रीट आणि त्याच्या वरच्या बाजूस पाणी अडविणारे आडवे गटार ही जोडी उपयुक्त ठरते.

सांगलीची तऱ्हा नेमकी उलट. कृष्णेकाठची गाळाची काळी जमीन सपाट आहे. पाण्याला जावयास वाट नाही, आणि शामरावनगरसारख्या सखल भागांत ते दिवसचे दिवस उभे राहते. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्या भारवहनक्षमतेची कसोटी प्रयोगशाळेत घेतली जाते. चांगल्या दाबलेल्या खडीचे मूल्य शंभर धरले, तर भिजलेल्या काळ्या मातीचे मूल्य पुष्कळदा दोन ते तीन इतकेच भरते. अशा जमिनीवर थेट खडी टाकली तर चाकांच्या दाबाने खडी खाली रुतते आणि चिखल वर येतो. यासाठी वरची माती काढून जाड मुरमाचा थर देणे किंवा मातीतच तीन ते पाच टक्के चुना मिसळून ती दाबणे हे उपाय केले जातात. चुन्याने मातीचा फुगण्याचा गुण बराच कमी होतो. हा खर्च जमिनीखाली जातो व डोळ्यांस दिसत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात काटछाट करावयाची झाली की पहिला बळी याच थराचा पडतो. सांगलीतील एखाद्या गल्लीच्या अंदाजपत्रकात डांबराची जाडी पाहण्याआधी खालच्या थराची जाडी पाहावी, ती यासाठी.

महापुराचा विचार सांगलीस वेगळा करावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. २००५ आणि २०२१ मध्येही नगराचा मोठा भाग पाण्याखाली होता. बुडालेल्या डांबरी रस्त्यात पाणी शिरून खडीवरचे डांबर सुटू लागते आणि पूर ओसरल्यावर पहिल्या अवजड वाहनाखाली थर फुटतो. पूर उतरल्यावर काही दिवस जड वाहतूक बंद ठेवणे हा यावरील सर्वात स्वस्त उपाय होय, पण मदतसाहित्याचे ट्रक त्याच दिवसांत यावयाचे असतात. म्हणून पूररेषेत येणाऱ्या मुख्य वाटा काँक्रीटच्या करणे शहाणपणाचे ठरते.

रस्त्याखालील नळ आणि मलवाहिन्या यांचा क्रम चुकल्याची उदाहरणे प्रत्येक नगरात सापडतात. डांबरीकरण झाले, सहा महिन्यांत मलवाहिनीसाठी चर खोदला गेला, आणि चर भरताना माती नीट दाबली न गेल्याने तेथे कायमचा खोलगट पट्टा राहिला. भुयारी गटार योजनेचे काम ज्या भागात व्हावयाचे आहे, तेथील रस्ते तोपर्यंत खडीकरणाच्या टप्प्यावर राखणे हा निर्णय लोकप्रिय नाही. बरोबर मात्र आहे. अट एवढीच की त्या काळात खडीच्या रस्त्याची निगा खरोखर राखली जावी, आणि योजना केव्हा पूर्ण होणार हे रहिवाशांना लेखी सांगितले जावे. तारखेवाचून दिलेला धीर कोणी मानीत नाही.

आणखी एक प्रश्न पातळीचा. जुन्या थरावर नवा थर चढवीत गेल्यास रस्ता उंच होतो आणि घरांचे जोते खाली राहते. गरीब वसाहतींमध्ये जोते मुळातच ठेंगणे असते. तेथे १५ सेंटिमीटरचा काँक्रीटचा थर आहे त्याच पातळीवर ओतला, तर पुढच्या जूनमध्ये रस्त्यावरचे पाणी स्वयंपाकघरात शिरते. तमिळनाडू शासनाने २०२१ मध्ये जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा थर न देण्याचे आदेश दिले ते याच कारणाने. कच्च्या रस्त्याच्या बाबतीत ही काळजी घेणे अधिक सोपे आहे, कारण अद्याप काही ओतलेले नसते. तेवढे खोदून पातळी ठरविली की झाले.

डांबर, काँक्रीट की ठोकळे?

जमिनीची तयारी झाल्यावर पृष्ठभागाचा प्रश्न येतो. बोलीत ज्याला डांबर म्हणतात, ते पूर्वी दगडी कोळशापासून निघत असे. आज रस्त्यासाठी वापरले जाणारे डांबर खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरते. त्याचा रस्ता लवचिक असतो, एका दिवसात वाहतुकीस खुला करता येतो आणि त्याचा आरंभीचा खर्च कमी असतो. पाणी हा त्याचा शत्रू. पातळ थर दिलेल्या गल्लीस काही वर्षांनी पुन्हा थर द्यावाच लागतो. तथापि डांबरी रस्ता टिकत नाही, ही समजूत चुकीची आहे. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये दहा वर्षांच्या हमीने करण्यात आला आणि त्यानंतर अनेक दशके तो सुस्थितीत राहिला.

काँक्रीटचा खर्च आरंभी बराच अधिक. पण नीट केलेला रस्ता वीस-पंचवीस वर्षे टिकतो व पाण्यास दाद देत नाही. मात्र तो किमान दोन आठवडे ओला ठेवावा लागतो आणि ठरावीक अंतरावर त्यास सांधे कापावे लागतात. नाही तर भेगा आपले सांधे स्वतःच पाडतात. पाण्याच्या नळासाठी तो फोडणे हे महाग काम. शिवाय भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट ओतले की झाडांच्या मुळांना पाणी मिळत नाही आणि सारा पाऊस गटारावर येऊन पडतो. सखल वसाहतीत हे परवडणारे नाही. झाडांभोवती मोकळी माती ठेवणे आवश्यक आहे.

दहा-बारा फुटी गल्ल्यांसाठी काँक्रीटचे ठोकळे, ज्यांना सर्वत्र पेव्हर ब्लॉक म्हणतात, अनेकदा अधिक योग्य ठरतात. वाळूच्या पातळ थरावर ते बसवितात. नळ दुरुस्त करावयाचा असल्यास ठोकळे उचलावेत व पुन्हा मांडावेत. कडेला पक्की धार आणि खाली दाबलेला खडीचा थर मात्र हवाच. तीव्र उतारावर किंवा पाण्याचे टँकर रोज फिरतात तेथे ते खचतात.

टँकरचा उल्लेख सहज केलेला नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून असे दिसून आले की रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. एक टन भाराच्या आसाच्या तुलनेत दहा टन भाराचा आस सुमारे दहा हजारपट हानी करतो. १०,००० लिटर पाणी म्हणजेच दहा टन वजन. गल्लीतील शंभर दुचाकी रस्त्याला ओरखडाही पाडीत नाहीत. वाळूचा एक ट्रक, विटांची एक गाडी किंवा हंगामात आडवाटेने घुसलेली उसाची ट्रॉली त्याचे वय ठरविते. म्हणून रचना ठरविताना वाहने मोजावीत ती संख्येने नव्हे, वजनाने. ज्या वसाहतीत निम्मे भूखंड अद्याप रिकामे आहेत, तेथे येत्या काही वर्षांत बांधकाम-साहित्याचे ट्रक येणार, हे गृहीत धरूनच थरांची जाडी ठरवावी लागते.

कोणती गल्ली आधी?

निधी कधीच पुरेसा नसतो. नगरोत्थान महाअभियान, वित्त आयोगाचे अनुदान, जिल्हा नियोजनाचा निधी आणि विकास आकार यांतून मिळणारी रक्कम प्रभागांत समान वाटण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. वरवर न्याय्य दिसणारी ही पद्धत वस्तुतः कडेच्या वसाहतींवर अन्याय करते. ज्या प्रभागात सर्व रस्ते पक्के आहेत, तेथे त्या पैशांतून चांगल्या डांबरावर नवे डांबर चढते. ज्या प्रभागात निम्मे रस्ते मातीचे आहेत, तेथे तीन गल्ल्या होऊन निधी संपतो.

यावर उपाय म्हणजे सर्व कच्च्या रस्त्यांची एक प्रसिद्ध यादी. तीत प्रत्येक रस्त्याची लांबी, रुंदी, मालकी, मातीचा प्रकार, गटार आहे वा नाही, घरांची संख्या आणि तो कोठे नेतो, हे नमूद असावे. शाळा, दवाखाना किंवा बसथांब्याकडे नेणारी वाट पुढे यावी. रुग्णवाहिका ज्या गल्लीत पावसाळ्यात शिरू शकत नाही, ती त्याहून पुढे. बंद टोकाची, चार घरांची गल्ली मागे राहिली तर तेथील रहिवासी नाराज होतील, पण यादी भिंतीवर लागलेली असेल तर आपला क्रम कितवा व का, हे त्यांना समजेल. आहे तो पक्का रस्ता राखण्यासाठी काही रक्कम आधीच बाजूला काढावी लागते, हेही त्याच यादीशेजारी लिहिलेले बरे. वेळेवर दिलेला पातळ थर रस्त्याचे आयुष्य वाढवितो, आणि एकदा खालचा खडीचा थर भिजला की संपूर्ण रस्ता नव्याने करावा लागतो.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेअखेर संपतो. अंदाजपत्रक, निविदा व कार्यादेश यांत हिवाळा गेला, तर सारी कामे मार्चअखेरीस एकदम निघतात, आणि जो मुरूम दहा दिवस पाणी मारून दाबावयाचा, तो दोन दिवसांत दाबला जातो. नागरिकांनी या काळात तीन गोष्टी पाहाव्यात. खडीचा प्रत्येक थर स्वतंत्रपणे दाबला जातो काय, कारण २० सेंटिमीटरचा ढीग एकदम दाबता येत नाही. डांबर टाकण्यापूर्वी खालचा पृष्ठभाग झाडून धूळमुक्त केला जातो काय. आणि काम संपल्यावर एक बादली पाणी मध्यभागी ओतले, तर ते गटाराकडे वाहते काय. तिसऱ्या परीक्षेस कोणतेही उपकरण लागत नाही. कंत्राटात दोषदायित्वाचा कालावधी नमूद असतो व त्या काळातील दुरुस्ती कंत्राटदारानेच विनामूल्य करावयाची असते. तो कालावधी कोणत्या तारखेस संपतो, हे कामाच्या फलकावर लिहून घ्यावे, आणि त्यापूर्वीचा अखेरचा पावसाळा संपताच रस्त्याची पाहणी करून उणिवांची नोंद प्रभाग कार्यालयात द्यावी.